विज्ञान नसल्याचा दाखला

राजेंद्र गराडे हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग करता येतो, आणि चांगला सणसणीत राग केला की दोन घास जास्त जातात. पण राजेंद्र चांगला आहे, म्हणून त्याचा नुसता हेवा करत बसावं लागतं, आणि हेव्यानं माणसाला आम्लपित्त होतं. माझं वर्षभर चालू होतं.

आम्ही दोघं देहूरोडच्या डेपोत एकाच दिवशी नोकरीला लागलो, दोघंही भांडार विभागात. लोणावळ्याजवळ कुसगावला एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर राहतो. दोघंही कॉमर्सचे. सत्तावीस वर्षांत त्यानं माझ्यापुढे जाऊ नये आणि मी त्याच्यापुढे जाऊ नये, असा जणू सरकारी आदेशच होता. आणि गेल्या वर्षी हा गृहस्थ पवनानगरला मेव्हण्याकडे जेवायला गेला, जेवण व्हायला अवकाश होता म्हणून शेजारच्या मंगल कार्यालयात डोकावला, तिथे हौशी विज्ञान मंडळाची सामान्य विज्ञानाची प्रश्नमंजूषा चालली होती, त्यात बसला आणि पहिला आला. जेवायच्या आधी! मी अशा वेळी पापड खाऊन पोट भरून ठेवतो.

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत विज्ञान म्हणजे राजेंद्र. लिफ्ट अडकली, बोलवा गराड्यांना. चंद्राभोवती खळं पडलं, विचारा गराड्यांना. कुणाच्या घरात पाल पडली तरी ती कुठल्या जातीची, हे ठरवायला गराडे. हे सगळं मी सहन केलं. पण एका रविवारी आमच्या फ्रिजखाली पाण्याचं तळं साचलं. मी गुडघे टेकून, बॅटरी लावून फ्रिजची पाठ तपासत होतो. माझी बायको रेणुका मागे उभी होती. तिनं अगदी सहज, कांदा चिरावा इतक्या सहज विचारलं, "अहो, गराडे भावोजींना हाक मारू का?"

राजेंद्र आला, दार उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "रबर गेलंय." रबर बदललं. पाणी थांबलं. मी मात्र आतून गळायला लागलो.

त्याच संध्याकाळी ठरवलं, यंदाच्या प्रश्नमंजूषेत बसायचं आणि राजेंद्रला हरवायचं. रेणुकाला यातलं अर्धंच सांगितलं. ज्ञान वाढवायचं म्हणालो. कुणाच्या नाकावर टिच्चून वाढवायचं, ते सांगितलं नाही.

गावातल्या बुद्धविहाराच्या वाचनालयातून विज्ञानाची सात पुस्तकं आणली. ग्रंथपाल म्हणाले, "नातवासाठी का?" मला नातू नाही. अजून मुलीचं लग्नही झालेलं नाही. मी 'हो' म्हणालो. रोज लोणावळ्याहून कामाला जाताना गाडीत राजेंद्र माझ्यासमोरच बसतो, म्हणून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं वेष्टन घातलं. तो खिडकीला डोकं टेकवून घोरायचा आणि मी मनात घोकायचो: ऑक्टोपसला तीन हृदयं, कानातलं रिकिबीचं हाड शरीरात सर्वांत लहान, सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद. हा माणूस काहीही न करता झोपतोय आणि मी देहूरोड येईपर्यंत ऑक्टोपसाची हृदयं मोजतोय, या विचारानं माझं एकुलतं एक हृदय जळायचं.

घरी रोज संध्याकाळी रेणुका माझी परीक्षा घ्यायची. ती भाजी निवडत, पुस्तक गुडघ्यावर उघडं ठेवून प्रश्न विचारायची, आणि मी येरझाऱ्या घालत उत्तरं द्यायचो. चुकलं की ती पुढचा-मागचा परिच्छेद वाचून दाखवायची. मी म्हणायचो, "तेवढं नको, नुसतं उत्तर सांग." प्रश्नमंजूषेत उत्तराला गुण असतात, परिच्छेदाला नसतात.

अशा गोष्टी लपत नाहीत. आठवड्यात सोसायटीला कळलं आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरून भिजवलेले बदाम आले. तळमजल्यावरून निरोप आला की विज्ञान नेहमी पूर्वेकडे तोंड करून वाचावं. आमचे चेअरमन निवृत्ती आबा, मूळचे कुसगावचेच, ज्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे, त्यांनी मला गेटपाशी गाठलं.

"परदीपभाऊ, इज्ञान पाठ करून काय व्हतंय? करून दावाया पायजे. रविवारी गच्चीवर सोसायटीची मीटिंग हाय. तितं कायतरी करून दावा. मानसांची भीड बी मोडंल."

सल्ला वाईट नव्हता. मी हवेच्या दाबाचा प्रयोग निवडला. पेला काठोकाठ पाण्यानं भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, पेला उलटा करायचा. बाहेरची हवा पुठ्ठ्याला खालून दाबून धरते, पाणी पडत नाही. पुस्तकात चित्रही होतं, त्यातला मनुष्य हसत होता.

गच्चीवर तीसेक माणसं जमली होती. मी पाच मिनिटं हवेच्या दाबावर बोललो. मग पेल्यावर पुठ्ठा म्हणून एक लग्नपत्रिका ठेवली, विश्वासानं पुढे झालो आणि पेला उलटा केला तो थेट आबांच्या मांडीवर. पत्रिका भारीची होती, पण तिला मधोमध गणपतीच्या आकाराचं नक्षीदार भोक होतं. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आबा उठले नाहीत. बसल्या जागी म्हणाले, "दाब लय हाय खरा."

सगळे हसले. त्याचं काही नाही, हसण्यासारखंच होतं. पण मग राजेंद्र उठला. "प्रदीपचं तत्त्व बरोबर आहे हं," असं म्हणत त्यानं माझाच पेला घेतला, मीटिंगच्या वहीचा पुठ्ठा फाडला आणि तोच प्रयोग करून दाखवला. एक थेंब पडला नाही. टाळ्या! वर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नव्वद टक्के काम यानंच केलं होतं." सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

आता अर्ज. अर्ज ऑनलाइन होता. फोटो वीस केबीपेक्षा मोठा नको आणि सही दहा केबीपेक्षा. माझा फोटो वीस केबीत बसवला तेव्हा तो माझा राहिला नाही, कुणाचाही झाला. मग कलम नऊ आलं. मागे कुणी एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक हौशी म्हणून घुसला होता. तेव्हापासून खुल्या गटातल्या प्रत्येकाला 'विज्ञानाचा पदवीधर नसल्याचा दाखला' जोडावा लागत होता.

मी माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "आम्ही शिकल्याचा दाखला देतो. न शिकल्याचा देत नाही." मी म्हणालो, कॉमर्स शिकल्याचा द्या. तो म्हणाला, "कॉमर्स शिकलात म्हणजे नंतर सायन्स शिकला नाहीत, हे कशावरून?" हा मुद्दा इतका बिनतोड होता की मी त्याला चहा पाजून परत आलो. मग ओळखीच्या तलाठी भाऊसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "जमीन नसल्याचा दाखला हाय आपल्याकडं. ज्ञान नसल्याचा न्हाई."

शेवटी मंडळाच्या श्रीपती मास्तरांना फोन लावला. हे निवृत्त मुख्याध्यापक मंडळ चालवतात. ते म्हणाले, "सोपं आहे हो. मागच्या वर्षीच्या विजेत्याचं शिफारसपत्र आणा, त्यावर सोसायटीचा शिक्का घ्या. चालेल."

मागच्या वर्षीचा विजेता माझ्या दारापासून सहा पावलांवर राहत होता. ती सहा पावलं टाकायला मला चार दिवस लागले.

राजेंद्र उपीट खात होता. माझं ऐकून त्याला कोण आनंद झाला! "अरे, तू पण बसतोयस? झकास!" त्यानं बशी बाजूला ठेवली, हात धुतले आणि आपल्या वळणदार अक्षरात (अक्षरही त्याचंच चांगलं) लिहून काढलं: 'श्री. प्रदीप नथू ओव्हाळ यांना मी गेली सत्तावीस वर्षे जवळून ओळखतो. त्यांना विज्ञानाचे कोणतेही शिक्षण, पार्श्वभूमी अथवा ज्ञान नाही, याची मी स्वतः खात्री देतो.'

"'ज्ञान' काढून टाक की," मी म्हणालो.

"अरे, मजबूत असू दे. नाकारता कामा नये."

मी ते घेऊन आबांकडे शिक्क्याला गेलो. आबांनी चष्मा लावून ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि मान डोलावली. "खरं हाय." मग म्हणाले, "पन शिक्का सोसायटीचा हाय. उद्या कुनी हरकत घेतली तर? सगळ्यांना इचाराया लागंल." त्यांनी पत्राचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'सदर सभासदास ज्ञान नाही याबाबत कोणाची हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावे.'

तीन दिवस मी श्वास रोखून वाट बघितली. एखादा तरी म्हणेल, ओव्हाळांना थोडंफार आहे हो! हरकत एकही आली नाही. अंगठे एकोणचाळीस आले. एक अंगठा रेणुकाचा होता.

"अगं, तू सुद्धा?"

"अहो, दाखला मिळायला हवा होता ना तुम्हाला?" ती म्हणाली.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं गाडीनं कामशेतला उतरलो आणि तिथून जीपनं पवनानगरला निघालो. जीपमध्ये राजेंद्र रेणुकाला रस्त्यातल्या पक्ष्यांची नावं सांगत होता. रेणुका "हो का?" म्हणत होती. मला ती अठ्ठावीस वर्षांत इतक्या वेळा 'हो का' म्हणाली नव्हती.

मंगल कार्यालय भरलं होतं. स्पर्धक चोवीस. श्रीपती मास्तरांनी माइक हातात घेऊन नियम वाचले. मग कलम चौदा आलं. यंदापासून जोड्यांनी खेळायचं होतं आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरणार होत्या. हे अर्जात शेवटी बारीक अक्षरात होतं, आणि मी अर्ज कलम नऊपर्यंतच वाचला होता. मास्तरांनी डब्यात हात घातला.

"गराडे आणि... ओव्हाळ!"

राजेंद्रनं मला मिठी मारली. मी सहा महिने ज्याला हरवण्यासाठी अभ्यास केला, त्यालाच आता जिंकवायचं होतं. अशा वेळी माणसाला हारही नको असते आणि जीतही.

खरं सांगतो, आम्ही चांगले खेळलो. ऑक्टोपस, रिकिबीचं हाड, सूर्याची आठ मिनिटं ही उत्तरं माझी होती. पण माइक राजेंद्रच्या बाजूला होता. मी त्याच्या कानात सांगायचो, तो माइकमध्ये सांगायचा, आणि लोक म्हणायचे, "वा, गराडे!" फळ्यावर गुण लिहिणाऱ्यानं आमच्या जोडीचं नाव लिहिलं होतं: 'गराडे व सहकारी'. मी दोनदा उठून त्याला सांगून आलो. दुसऱ्यांदा त्यानं ते पुसून 'गराडे व इतर' केलं. एकट्या माणसाला 'इतर' कसं म्हणतात?

शेवटी दोन जोड्या बरोबरीत राहिल्या. आम्ही, आणि धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देणाऱ्या दोघी जावा. मास्तरांनी चष्मा पुसला.

"प्रश्न नीट ऐका. लोणावळ्यात उघड्या भांड्यात साधं पाणी उकळायला ठेवलं. ते साधारण किती अंश सेल्सिअसला उकळेल?"

मी मनात हसलो. हे तर पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं. एवढ्यात राजेंद्रनं माझं मनगट धरलं. "थांब. यात काहीतरी मेख आहे."

आणि माझ्या डोक्यात सहा महिन्यांचा जाळ एकदम चढला. याला मेख दिसते! मला नाही दिसत! उत्तर येतंय ते मला, आणि माइक याच्यापुढे! मी मनगट सोडवलं, घंटी दाबली, टेबलावरून आडवा होऊन माइक ओढला आणि सभागृह दणाणेल अशा आवाजात म्हणालो, "शंभर!"

मास्तर म्हणाले, "चूक."

जावांनी "नव्वद" सांगितलं. तेही चूक. नियमाप्रमाणे प्रश्न प्रेक्षकांत गेला. मी टेबलाकडे बघत होतो. तेवढ्यात डावीकडून, चौथ्या रांगेतून, माझ्या चांगल्या ओळखीचा आवाज आला.

"अठ्ठ्याण्णव."

रेणुका उभी होती. पदर खांद्यावरून घेतलेला, पर्स पोटाशी धरलेली.

"कसं काय, ताई?" मास्तर पुढे झाले.

"उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश कमी होतो, असं पुस्तकात होतं. लोणावळा सहाशे वीसच्या वर आहे. म्हणजे दोन अंश."

"आणि लोणावळ्याची उंची कुठून कळली तुम्हाला?"

"स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलीय की. नावाच्या खाली."

सत्तावीस वर्षं मी त्या पाटीखाली उभा राहून गाडीची वाट बघतो. पाऊस आला की तिला टेकून उभा राहतो. नावाच्या खाली काही लिहिलंय, हे मला त्या क्षणी कळलं.

टाळ्या थांबेनात. मास्तरांनी तिला व्यासपीठावर बोलावलं, प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेली शाल तिच्या खांद्यावर घातली (पाहुणे आलेच नव्हते) आणि माइकवरून जाहीर केलं, "असं पाहून, विचार करून उत्तर देणारं माणूस आम्हाला स्पर्धक म्हणून नको. ताई, पुढच्या वर्षी तुम्ही आमच्या प्रश्न काढणाऱ्या समितीत या." रेणुका जराशी लाजली आणि म्हणाली, "बघते. वेळ झाला तर."

पुढचा प्रश्न बेडकाच्या श्वासाचा होता. तो जावांनी पुरा ऐकूनही घेतला नाही, आधीच उत्तर ठोकून दिलं. चषक त्या घेऊन गेल्या. आम्हाला दोघांना मिळून एक प्रमाणपत्र मिळालं, ते कुणी ठेवायचं यावर चर्चा झाली नाही. कुणालाच नको होतं.

परतीच्या जीपमध्ये रेणुकाला ड्रायव्हरनं मानानं पुढे बसवलं. मी आणि राजेंद्र सगळ्यांत मागे, गुडघ्याला गुडघा लावून. मला अपराधी वाटत होतं. मी शेवटी म्हणालो, "राजेंद्र, चूक माझी झाली. तू थांब म्हणत होतास. तुला येत होतं."

त्यानं बाहेर बघितलं. मग हळूच माझ्या कानाशी आला.

"कुणाला सांगू नकोस. मी एकशे दोन सांगणार होतो."

"एकशे दोन?"

"उंचीवर थंडी जास्त, म्हणजे पाणी तापायला जास्त लागणार, असा हिशोब केला मी." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "प्रदीप, गेल्या वर्षी सगळे प्रश्न योगायोगानं सोपे आले रे. तेव्हापासून माझी फजिती चाललीय. कुणी लिफ्टसाठी हाक मारली की मी आधी बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर बघून येतो. तू पेल्याचा प्रयोग करणार असं आबांकडून कळलं, तर मीटिंगच्या आदल्या दिवशी तो मी घरी अकरा वेळा केला. गाडीत झोप का येते मला, तुला काय वाटलं?"

वर्षभर ज्याच्यावर जळलो, तो असा! माझं आम्लपित्त त्या जीपमध्ये, त्या वळणावर एकदम उतरलं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण जागा नव्हती.

पुढून हसण्याचा आवाज आला. ड्रायव्हर विचारत होता, "मावशी, मंग आमच्या पवनानगरला पानी कितीला उकळंल वो?" आणि रेणुका सांगत होती, शांतपणे, हातवारे करत, आणि जीपमधली बाकीची नऊच्या नऊ माणसं माना पुढे काढून ऐकत होती. कुणी मागे वळून आमच्याकडे बघत नव्हतं.

राजेंद्रनं सुस्कारा सोडला. "प्रदीप, खरं सांगू? आज तुझा हेवा वाटला बघ. अशी हुशार बायको घरात आहे तुझ्या."

राजेंद्र गराडेच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. आता ते आलं होतं, आणि मला काही त्याचा आनंद घेता येईना. कारण मी पुढे बघत होतो, त्या शालीकडे, आणि पोटात डाव्या बाजूला पुन्हा जळजळ सुरू झाली होती.

"सरक जरा," मी राजेंद्रला म्हणालो. "ती काय सांगतेय, ते इथून ऐकू येत नाहीये."

तो सरकला. आणि आम्ही दोघंही माना पुढे काढून ऐकायला लागलो.